देवघर आणि तराजू

मनुष्य देवापुढें हात जोडतो त्या क्षणीं त्याच्या हातीं तराजू नसतो, आणि तो तराजू उचलतो त्या क्षणीं समोर देव नसतो. या दोन क्षणांचा परस्परांशीं कांहीं संबंध असावा कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां जुना आणि निरुपद्रवी वाटतो. संबंध असावा असें सर्व धर्मग्रंथ सांगतात. तो नसतो असें सर्व बाजार दाखवितात. आणि शहाणीं माणसें दोघांसही मान देऊन आपापल्या उद्योगास लागतात. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं पौष महिन्यांत ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत थोडे दिवस राहण्याचा योग आम्हांस आला, आणि या प्रश्नाचा निरुपद्रवीपणा आमच्या मनांतून पार गेला. तेथें जें पाहिलें व त्यावरून जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा म्हणून एक लहानसें गांव आहे. पौष पौर्णिमेस तेथें खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा भरते. एका अंगास देऊळ आणि नवस फेडणाऱ्यांची दाटी. दुसऱ्या अंगास दूरवर पसरलेला बैलबाजार. मध्यें घोंगड्यांचे, भांड्यांचे आणि मिठाईचे विक्रेते. कुणबी, आगरी, ठाकर, कातकरी, घाटावरून आलेले धनगर, सर्व जातींचे व्यापारी, असा सारा मुलूख तेथें लोटतो. बैलाचें तोंड उघडून दांत मोजले जातात. दोनदाती कीं चारदाती यावर वाद होतो. दलाल रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवितो. इसार दिला जातो. आणि घेणारा व विकणारा दोघेही मग देवाकडे वळतात. एका वृद्ध शेतकऱ्यानें आम्हांस सांगितलें, "हितं खोटं बोलून इकलेला बैल घरां पोचत नाय, बाबा." खोटें बोलणारे तेथें नव्हते असें आम्ही म्हणत नाहीं. पण खोटें बोलतांना देवळाकडे पाठ करावी, एवढी लाज त्यांना होती असें आम्हांस वाटलें. या लाजेचें मूळ उघड आहे. घेणारा आणि विकणारा एकाच देवापुढें वांकतात, आणि एकमेकांस वांकतांना पाहतात. म्हणून "देवाच्या दारांत असें बोलतोस काय?" हें विचारण्याचा अधिकार दोघांसही असतो.

यात्रा संपते, पालें उठतात, आणि उरलेल्या वर्षाचा बाजार दुकानाच्या फळीवर चालतो. आषाढांत लावणीची घाई आणि घरांतील कणगी रिकामी, अशा वेळीं जें धान्य उसनें काढावें लागे त्यास खावटी म्हणत. भात झोडून झालें कीं तें सवाईनें, दिढीनें, कधीं दुपटीनें परत करावयाचें. पीक किंवा रानांतला माल हातीं येण्यापूर्वींच पडत्या भावानें लिहून द्यावयाचा, यास आदिवासी मुलखांत पालेमोड हें नांव आहे. आज शिधापत्रिकेवर धान्य मिळतें म्हणून पोटाची खावटी कमी झाली. परंतु आजारपण आहे, लग्न आहे, घराचें छप्पर आहे. कातकरी हें नांव काथ पाडण्याच्या धंद्यावरून आलें असें मानतात. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रानाचा मालक बदलला आणि या जमातीचा तो धंदाही खचत गेला. आतां दिवाळी सरली कीं कातकरी कुटुंबें उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाच्या तोंडाशीं परततात. उचल किती घेतली, फिटली किती आणि उरली किती, हें सारें मालकाच्या वहींत असतें. ज्यास अक्षर येत नाहीं त्यास ती वही म्हणजे दैवाचा कोप: दिसत नाहीं, पण भोगावा लागतो.

याच मुक्कामांत एका दुकानदाराचा पाहुणचार आम्हांस घडला. गृहस्थ खरोखरच धार्मिक. एकादशी चुकत नाहीं, श्रावणांत अन्नदान होतें, गांवच्या देवळाचा सभामंडप त्यांच्याच पैशानें उभा राहिला. आम्ही दुकानांत बसलों असतां एक ठाकर बाई डिंकाची पुरचुंडी घेऊन आली. तिनें भाव विचारला नाहीं. त्यांनीं माल कांट्यावर टाकला, मनांतल्या मनांत कांहीं हिशेब केला, तेल, मीठ आणि थोडे पैसे तिच्यापुढें सरकविले; आणि ती गेली. रात्रीं जेवतांना आम्हीं भीत भीत विषय काढला. ते रागावले नाहींत. म्हणाले, "साहेब, दानधर्मांत आम्ही कधीं हात आंखडला नाहीं. पण भाव हा भाव असतो. त्यांत देवाला कशाला आणायचं?" आम्हीं विचारलें, "ती बाई तुमच्या देवळांत येते का?" ते हंसून म्हणाले, "त्यांचे देव वेगळे. वाघोबा, कणसरी. त्यांचे देव रानांत."

हें शेवटचें वाक्य आमच्या मनांतून जाईना. त्या वाक्यानें आम्हांस एका फार दूरच्या बंदराची आठवण करून दिली. तेथेंही धर्म आणि दुकान हे दोन शब्द एकदां समोरासमोर उभे राहिले होते, आणि तेथील लोकांनीं या दुकानदाराच्या अगदीं उलट उत्तर दिलें होतें.

१६३० सालीं जॉन विंथ्रॉप याच्या पुढारपणाखालीं इंग्लंडांतील प्यूरिटन पंथाचे शेंकडों लोक समुद्र ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनीं बोस्टन शहर वसविलें. आपण ईश्वराशीं एक करार केला आहे, आणि तो प्रत्येकानें एकट्यानें केलेला नसून सर्वांनीं मिळून केलेला आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यामुळें एकाच्या लोभाचा जाब सर्वांस द्यावा लागणार. ऋणको बंधु कर्ज फेडण्यास सर्वथा असमर्थ असेल तर तें सोडून द्यावें, असें विंथ्रॉपनें आपल्या प्रवचनांत बजाविलें होतें. या वसाहतींत रॉबर्ट केन नांवाचा एक सधन व्यापारी होता. धर्मनिष्ठ, प्रवचनांचीं टिपणें काळजीपूर्वक लिहून ठेवणारा. १६३९ सालीं त्याच्यावर फिर्याद झाली कीं, तो खिळे, बटणें यांसारखा माल वाजवीपेक्षां फार चढ्या नफ्यानें विकतो. वसाहतीच्या न्यायसभेनें त्यास दोषी ठरविलें. दोनशें पौंडांपर्यंत दंडाची भाषा झाली, ती शेवटीं ऐंशी पौंडांवर आली. एवढ्यानें भागलें नाहीं. मंडळीच्या प्रार्थनामंदिरांतही त्यास उभें करण्यांत आलें. तेथें त्यानें डोळ्यांत पाणी आणून आपल्या लोभाची कबुली दिली, आणि धर्मसभेनें त्याची कानउघाडणी केली.

त्या प्रसंगीं जॉन कॉटन या धर्मोपदेशकानें व्यापाराचे जे नियम सांगितले ते आजही विचार करण्याजोगे आहेत. चालू भावाहून अधिक घेऊं नये. आपल्या अडाणीपणानें नुकसान झालें तर तें किंमत चढवून दुसऱ्याकडून भरून काढूं नये. समुद्रांत माल बुडाला तर तें आपल्यावरचें ईश्वरी संकट समजावें. त्याचा भार गिऱ्हाइकाच्या माथीं मारूं नये. मालाचीच सार्वत्रिक टंचाई असेल तर मात्र भाव चढविण्यास हरकत नाहीं. या नियमांच्या तपशिलाशीं आजच्या अर्थशास्त्राचें जमणार नाहीं. पण त्यांच्या मुळाशीं असलेला विचार साधा आहे: माझ्या गरजेची किंवा माझ्या चुकीची किंमत दुसऱ्याच्या अडचणींतून वसूल करण्याचा मला अधिकार नाहीं.

केन हा प्रसंग विसरला नाहीं. १६५३ मध्यें त्यानें मृत्युपत्र लिहावयास घेतलें, तें दीडशेंहून अधिक पानांचें झालें, आणि त्यांतील कितीतरी पानें आपण निर्दोष होतों हें पटविण्यांत गेलीं. त्याच मृत्युपत्रानें त्यानें बोस्टनच्या नगरगृहासाठीं पैसे ठेवले. आमच्या दुकानदाराचा सभामंडप आणि केनचें नगरगृह यांत फारसें अंतर नाहीं. अंतर आहे तें एवढेंच कीं, केनला कोणीतरी विचारलें होतें.

योगायोग असा कीं, विंथ्रॉप बोस्टनला उतरला त्याच १६३० सालीं महाराष्ट्रांत भयंकर दुष्काळ पडला, आणि देहूच्या एका वाणी घराण्यांतील तरुणाचा व्यापार त्यांत बुडाला. पुढें त्या तरुणानें, म्हणजे तुकोबांनीं, आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत सोडलीं असें परंपरा सांगते. केनची कबुली आणि तुकोबांचा त्याग यांची तुलना करण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. तुकोबा कितीतरी उंच. पण एक गोष्ट नम्रपणें मांडावीशी वाटते. खतें बुडविणारा संत आम्हांस लाभला, आम्हीं त्याची पालखी काढली, परंतु खतें न बुडविणाऱ्या सामान्य सावकारास "व्याज किती घेतोस?" असें देवळाच्या पायरीवर विचारणारी सभा आम्हीं उभारली नाहीं. जातगंगा होती; ती कोणी कोणाच्या हातचें खाल्लें हें विचारी, कोणी कोणाच्या तोंडचें काढलें हें क्वचितच विचारी. त्याग आम्हीं वंदनीय केला आणि न्याय ऐच्छिक ठेवला. दान देणाऱ्याचा हात नेहमीं वर राहतो. जाब देणाऱ्यास मान खालीं घालावी लागते. म्हणूनच श्रीमंतांस दान आवडतें.

येथें एक जाणता वाचक आक्षेप घेईल. प्यूरिटनांची ही धर्मसभा एवढी गोड होती काय? मुळींच नव्हती. तिनेंच १६३८ मध्यें मतभेदासाठीं ॲन हचिन्सन या बाईस मंडळींतून बाहेर काढलें. वसाहतीनें तर तिला हद्दपारीची शिक्षा आधींच दिली होती. जी सभा दुकानांत डोकावते ती अंतःकरणांतही डोकावूं लागते, आणि मग कोणाची सुटका नसते. दुसरा कोणी म्हणेल, याच पंथाच्या उद्योगनिष्ठेंतून पुढें भांडवलशाहीची वृत्ति वाढली, असें मॅक्स वेबर या जर्मन पंडितानें १९०४-०५ मध्यें प्रतिपादिलें नाहीं का? प्रतिपादिलें, आणि बोस्टनचे व्यापारी पुढें या सभेच्या धाकांतून मोकळे झाले, हेंही खरें. हे दोन्ही आक्षेप आम्हांस मान्य आहेत. परंतु आमची मुख्य हरकत याहून खोल आहे, आणि तीच या लेखाचा गाभा होय.

१६४१ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनें आपल्या लोकांच्या हक्कांची एक संहिता केली. तींत एका कलमानें थकलेल्या कर्जावरील व्याजास वर्षाला शेंकडा आठ अशी मर्यादा घातली, आणि तेवढ्यानें ईश्वरी आज्ञेविरुद्धच्या सावकारीस मुभा मिळाली असें समजूं नये, असेंही बजाविलें. त्याच संहितेंत पुढें दुसरें एक कलम आहे. आपल्यांत कोणी गुलाम असूं नये, असें तें प्रथम म्हणतें. आणि लगेच अपवाद करतें: न्याय्य युद्धांत पकडलेले, आणि जे परके स्वतःस विकतील किंवा विकले जातील ते. चारच वर्षांपूर्वीं, १६३७ मध्यें, पीकॉट जमातीशीं झालेल्या युद्धांत पकडलेल्या कित्येकांस गुलाम करण्यांत आलें होतें, आणि कांहींना तर समुद्रापार धाडण्यांत आलें होतें. मूळ रहिवाशांची जमीन त्यांच्याकडून विकत घेतल्यावांचून राजाच्या सनदेनें आपली होत नाहीं, असें रॉजर विल्यम्स बोलला. इतरही मतांबरोबर या मतासाठीं त्यास वसाहतींतून घालवून देण्यांत आलें. खिळ्यांच्या भावांत सूक्ष्म न्याय पाहणारी हीच ती मंडळी! पण यांत त्यांस विसंगति दिसली नाहीं. खिळे घेणारा त्यांच्या मंडळींतला बंधु होता. पीकॉट मनुष्य मंडळीबाहेरचा. बंधूकडून व्याज घेऊं नये, परक्याकडून घेतल्यास चालेल, अशी जुन्या करारांतील जी आज्ञा आहे, तिचा पूर्वार्ध त्यांनीं केनला लावला आणि उत्तरार्ध पीकॉटांना.

आतां आपल्या घराकडे वळूं. मनुस्मृतींत व्याजाचे दर सांगितले आहेत: ब्राह्मणाकडून महिना शेंकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार, शूद्राकडून पांच. म्हणजे ज्याच्यापाशीं कमी, त्यास दर अधिक. आणि तोही धर्म म्हणून. त्याच परंपरेंत दामदुपटीचा उत्तम नियम आहे: एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुदलाहून अधिक होतां कामा नये. मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनींही तो हिंदु ऋणकोंपुरता मानला. पण ज्यास वही वाचतां येत नाहीं त्याचें जुनें खत फिरवून नवें केलें, व्याज मुदलांत मिळविलें, कीं नियम ग्रंथांत राहतो आणि ऋणको शेतांत. तेव्हां बोस्टनच्या मंडळीस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्यांनीं निदान आपल्यांतल्या दुर्बळास न्याय दिला. आम्हीं "आपल्यांतला" या शब्दाचाच संकोच इतका केला कीं, शेजारच्या पाड्यावरची बाईही त्यांत मावेना.

यावरून आम्हांस निघणारा सिद्धांत असा. धर्म व्यापारास आवरूं शकतो. केनची गोष्ट त्याचा पुरावा आहे. पण ज्यांस तो आपलें मानतो तेथवरच तो आवरतो. त्या कुंपणापलीकडे तोच धर्म लोभास निर्धास्त करतो, कारण कुंपणाच्या आंत केलेल्या पुण्यानें मन स्वच्छ वाटत असतें. म्हणून दुकानदार धार्मिक आहे कीं नाहीं, या प्रश्नांत फारसा अर्थ नाहीं. त्यास भाव विचारण्याचा अधिकार कोणाकोणास आहे, हा खरा प्रश्न. ज्या समाजांत हा अधिकार सर्वांत दुबळ्या गिऱ्हाइकास आहे, त्याच्या धर्माबद्दल आम्हांस आदर वाटेल. मग त्याचे देव देवळांत असोत कीं रानांत.

कायद्यानें हें काम केलें नाहीं काय? केलें, आणि त्याचें ऋण मान्य केलें पाहिजे. १९४६ चा मुंबईचा सावकारी कायदा, त्याची जागा घेणारा २०१४ चा महाराष्ट्राचा कायदा, १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा, त्याच वर्षींचा आदिवासींच्या आर्थिक स्थितीच्या सुधारणेचा कायदा: यांनीं ऋणकोस तो हक्क कागदावर दिला. परंतु कागद वाचावा कोणी, आणि वाचून दाखविणारा कोणाच्या ओसरीवर बसतो, हा प्रश्न उरतोच. त्याचें एक उत्तर याच मुलखानें दिलेलें आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल हे न्हावी कुटुंबांत जन्मलेले वकील. कर्जत-मुरबाडच्या शेतकऱ्यांस सावकाराच्या दाराशीं जावें लागूं नये म्हणून त्यांनीं धान्याची पेढी काढली. अडीच्या वेळीं तेथून धान्य न्यावें आणि सुगीस परत आणावें. त्यांचें नांव लोक आज स्मरतात तें १९४२ च्या आझाद दस्त्यासाठीं, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडच्या रानांत हिराजी पाटील यांच्यासह त्यांनीं पत्करलेल्या मरणासाठीं. तें योग्यच आहे. पण आम्हांस ती धान्यपेढीही तितकीच मोठी वाटते. तेथें देणारे आणि घेणारे निराळे नव्हते. म्हणून मापाबद्दल प्रत्येकास विचारतां येत होतें. अलीकडे शहापूरच्या कातकरी तरुणांनीं रानांतली गुळवेल एकत्र गोळा करून औषधकंपन्यांस विकण्याचा व्यवहार उभा केला, तोही आम्ही याच मालिकेंत धरतों. त्यांनीं कोणाचें दान घेतलें नाहीं. तराजूचें एक टोंक आपल्या हातीं घेतलें.

येथें लेख संपविला असता, तर दुकानदारावर दोष टाकून आम्ही व आमचे वाचक सुखानें झोंपलों असतों. पण शहापूर सोडतांना आम्हांस तानसा तलाव दिसला. तो १८९२ सालीं पुरा झाला, आणि तेव्हांपासून मुंबई शहर त्याचें पाणी पीत आहे. पुढें त्याच तालुक्यांतील भातसेचें पाणीही मुंबईस येऊं लागलें. आणि याच तालुक्याच्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. या व्यवहारांत दुकान नाहीं, वही नाहीं, दुकानदारही नाहीं. भाव कोणी ठरविला, कोणास विचारून ठरविला, हें आम्हांपैकीं कोणी विचारलें आहे काय? सकाळीं नळ सोडून आम्ही स्नान करतों, त्याच पाण्यानें देवावर अभिषेक करतों, आणि आमचें मन स्वच्छ असतें. कारण ज्या बाईचा हंडा रिकामा आहे, ती आमच्या देवळांत येत नाहीं. तिचे देव रानांत.

त्या रात्रीं आम्ही त्या गृहस्थांच्या पंक्तीस बसून त्यांस मनांत दोष देत होतों, त्यांचें अन्न खात होतों आणि त्या बाईच्या तालुक्याचें पाणी आयुष्यभर पीत आलों होतों. म्हशाच्या यात्रेंतल्या त्या वृद्धाचा देव वर्षांतून एकदां तरी घेणाऱ्यास आणि विकणाऱ्यास समोरासमोर उभें करतो. उरलेल्या दिवसांत तें काम माणसांनीं करावयाचें आहे. दुसऱ्यास भाव विचारण्यापूर्वीं आपणांस कोण विचारूं शकतो, आणि त्यानें विचारल्यास आपल्यापाशीं काय उत्तर आहे, एवढें प्रत्येकानें आपल्या देवघरांत बसून ठरवावें, ही विनंति करून आम्ही वाचकांची रजा घेतों.